मॅस्टोडॉन सर्व्हर उघडतो, पण पोस्ट बाहेर पोचत नाहीत: काय आणि कुठल्या क्रमाने तपासायचं

लक्षणं

- तुमच्या सर्व्हरवरच्या लोकांना एकमेकांच्या पोस्ट दिसतात, पण दुसऱ्या सर्व्हरवरचे फॉलोअर म्हणतात, "कालपासून तुमच्याकडून काही आलंच नाही."
- बाहेरच्या कुणाला फॉलो केलं की विनंती नुसती लटकून राहते.
- बाहेरच्या माणसाला तुमच्या प्रोफाइलवर गेल्यावर पोस्ट दिसते, पण त्याच्या होम फीडमध्ये ती कधी आलेली नसते.
- पासवर्ड बदलायचा मेल येत नाही.
- फोटो चढवताना चक्र फिरत राहतं आणि शेवटी एरर येते.
- हे सगळं चालू असताना सर्व्हरचं पान मात्र ब्राउझरमध्ये झकास उघडतं.

शेवटच्या लक्षणामुळेच सगळी दिशाभूल होते. मॅस्टोडॉन म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारं, बाकीच्या सर्व्हरशी जोडलेलं सोशल नेटवर्क. सांगली-साताऱ्याकडचे असे काही छोटे सर्व्हर दुरुस्तीला माझ्याकडे येतात. कुणी ट्रेकिंगवाले, कुणी हौशी नाटकवाले, कुणी कासची फुलं टिपणारे. फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "अहो, सर्व्हर तर चालूय की!"

मार्केट यार्डात हळदीचं दुकान उघडं आहे, गादीवर शेठ बसलेत, पण हमालच आलेले नाहीत, तर एक पोतं हलणार नाही. इथे तेच झालेलं असतं. मॅस्टोडॉन म्हणजे एक प्रोग्रॅम नाही. पान दाखवणारा प्रोग्रॅम वेगळा, त्याचं नाव प्यूमा. पोस्ट बाहेर नेणारा, बाहेरून आलेलं आत घेणारा आणि मेल पाठवणारा वेगळा, त्याचं नाव साइडकिक. मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि रेडिसमध्ये कामांची रांग.

तुम्ही पोस्ट टाकली की ती डेटाबेसमध्ये जाते आणि रांगेत एक काम जमा होतं. साइडकिक ते उचलतो, तुमच्या खात्याच्या किल्लीने सही करतो आणि फॉलोअर ज्या-ज्या सर्व्हरवर आहेत तिथल्या इनबॉक्सला पाठवतो. एका सर्व्हरवर तुमचे शंभर फॉलोअर असले तरी साधारणपणे एकच प्रत जाते. समोरचा सर्व्हर सही तपासतो, आणि तुमची किल्ली त्याच्याकडे आधीपासून नसेल तर ती आणायला तुमच्याकडे येतो. म्हणजे पोस्ट बाहेर जायची असेल तर बाहेरच्यालाही आत येता आलं पाहिजे. ही गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचे निम्मे उपाय आपोआप सुचतात.

(आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप अर्थातच इंग्रजीत करायची.)

आधी बघा, हा बिघाड आहे तरी का

याला पैसे लागत नाहीत, सर्व्हरला हातही लावावा लागत नाही. तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटतात.

फेडिव्हर्समध्ये, म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या अशा सर्व्हरांच्या जाळ्यात, सगळ्या जगाचं मिळून एक कोठार नाही. प्रत्येक सर्व्हरकडे त्याच्यापर्यंत पोचलेलं तेवढंच असतं. नवीन खातं फॉलो केलं की त्याच्या जुन्या पोस्ट दिसत नाहीत, हे बरोबर आहे. एकाच माणसाचे फॉलोअर दोन सर्व्हरवर वेगवेगळे मोजले जातात, हेही बरोबर. हॅशटॅग शोधला की तुमच्या सर्व्हरने पाहिलेल्या पोस्टच येतात. एकट्याने काढलेल्या सर्व्हरवर टॅगची पानं ओस दिसतात ती यामुळेच. दुसरीकडची उत्तरं अर्धवट दिसणं हेही जुनं दुखणं. मॅस्टोडॉन ४.५ पासून सर्व्हर स्वतःहून उत्तरं गोळा करू लागला आहे, पण त्याआधीची आवृत्ती असेल तर धाग्यात भोकं राहणारच.

आता खरी चाचणी. तुमच्या ताज्या पोस्टचा पूर्ण पत्ता कॉपी करा आणि दुसऱ्या सर्व्हरवर ज्याचं खातं आहे अशा मित्राला सांगा, लॉगिन करून तो शोध चौकटीत चिकटव. पोस्ट आली, तर त्या सर्व्हरला तुमच्याकडून ओढून नेता येतंय. म्हणजे डोमेन, सर्टिफिकेट, वाट हे बहुतेक ठीक, आणि बिघाड पाठवण्यात, म्हणजे साइडकिककडे. पोस्ट आलीच नाही, तर वाटेतच काहीतरी आडवं पडलंय. एवढ्या एका चाचणीने पुढचा रस्ता दोन फाट्यांत विभागला जातो. ती न करता लोक सरळ सर्व्हर रीस्टार्ट करत बसतात.

एकाच सर्व्हरशी बिनसलंय की सगळ्यांशी

वरची चाचणी दोन-तीन वेगवेगळ्या सर्व्हरवर करा. एकाच ठिकाणी अडत असेल तर बहुधा तो सर्व्हर बंद आहे किंवा त्यांनी तुमचं डोमेन मर्यादित केलंय वा बंद केलंय. बरेच सर्व्हर अशी यादी आपल्या माहितीच्या पानावर लावतात, तिथे बघा. नाव दिसलं तर तो तांत्रिक प्रश्न नाही. त्यांच्या अ‍ॅडमिनला नीट, सभ्य भाषेत विचारा. तुमच्याकडे कुणी जाहिरातींचा मारा करणारं खातं उघडलं असेल तर ते आधी काढा, मग विचारा. नवीन नोंदणी मंजुरीशिवाय खुली ठेवणाऱ्या छोट्या सर्व्हरवर ही वेळ हमखास येते.

रांग बघा

मालकाच्या खात्यातून प्रशासनाच्या मेनूत साइडकिकचं पान उघडा. त्यातल्या 'बिझी' पानावर 'प्रोसेस' शून्य दिसत असेल तर साइडकिक मेलेला आहे, पुढे शोधायची गरज नाही. टर्मिनलमध्ये 'सिस्टमसीटीएल स्टेटस मॅस्टोडॉन-साइडकिक' दिलं की खात्री होईल. त्याच नावाने रीस्टार्ट करा. पण तेवढ्यावर समाधान मानू नका, तो मेला का ते 'जर्नलसीटीएल'मध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदींत, वाचा. दोन जीबी रॅमच्या स्वस्त व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) उत्तर बहुतेक वेळा एकच निघतं: मेमरी संपली आणि लिनक्सने सगळ्यात खादाड प्रोग्रॅम मारला. तो जर उद्या परत मेला तर रीस्टार्ट हा उपाय नव्हताच. स्वॅप (डिस्कवरची जादा मेमरी) वाढवा, किंवा साइडकिकच्या सर्व्हिस फाइलीतले 'थ्रेड', म्हणजे एका वेळी चालणारी कामं, कमी करा. मूळ फाइलीत ते २५ असतात, छोट्या गटाला १० पुरतात.

साइडकिक जिवंत आहे पण काम साचतंय, तर किती कामं साचली यापेक्षा 'लेटन्सी' बघा, म्हणजे सगळ्यात जुनं काम किती वेळ थांबलंय. हजार कामं आणि लेटन्सी दोन सेकंद, तर काही झालेलं नाही. चाळीस कामं आणि लेटन्सी तीन तास, तर नक्की अडकलंय. रांगेची नावंही बोलतात. 'पुश' अडली तर तुमच्या पोस्ट बाहेर जात नाहीत. 'इन्ग्रेस' अडली तर बाहेरचं आत येत नाही. 'मेलर्स' अडली तर पासवर्डचे मेल. कुणी हुशारी करून रांगांसाठी वेगवेगळ्या सर्व्हिस बनवल्या असतील, तर एखादी रांग कुणालाच न दिल्याचं इथे उघडं पडतं. 'शेड्युलर' ही रांग मात्र एकाच प्रोसेसकडे असू द्या, दोघांना दिली की कामं दोनदा होतात.

मग 'रिट्राय'चं पान. इथे काहीतरी असणारच, घाबरू नका. जगात रोज कुठले ना कुठले सर्व्हर बंद पडतात आणि त्यांच्या नावाची कामं इथे फिरत राहतात. एक डिलिव्हरी १६ वेळा पुन्हा करून बघितली जाते, मधलं अंतर वाढत-वाढत सगळं मिळून साधारण दोन दिवस. बघायचं एवढंच: वेगवेगळ्या डोमेनसमोर वेगवेगळ्या एरर असतील तर दोष त्यांचा. वेगवेगळ्या डोमेनसमोर एकच एरर असेल तर दोष तुमचा, आणि तीच एरर पुढची दिशा दाखवते. सगळीकडे ४०१ (ओळख पटली नाही) असेल तर सही किंवा घड्याळ. सगळीकडे टाइमआउट असेल तर तुमच्या सर्व्हरचं बाहेर जाणारं नेटवर्क.

या पानावर 'सगळं पुसा' असंही बटण आहे. ते दाबलं की पानही साफ आणि न गेलेल्या पोस्ट पाठवायची कामंही साफ. दाबू नका.

डिस्क

'डीएफ -एच' द्या, डिस्क किती भरलीय ते दिसतं. शंभर टक्क्यांच्या जवळ असेल तर बाकीची लक्षणं त्यातूनच आली आहेत. डिस्क भरली की रेडिसला आपली प्रत लिहिता येत नाही आणि तो नवीन काम घेणंच थांबवतो. पोस्टग्रेसही आडवा होतो. फोटो न चढण्याचं कारणही बहुतेक हेच.

ऑगस्ट-सप्टेंबरात कासचा हंगाम आला की साताऱ्याच्या ग्रुपात एकमेकांवर आरोप सुरू होतात, "तुम्ही दहा-दहा एमबीचे फोटो टाकता म्हणून." बिचाऱ्या फोटोवाल्यांचा यात फारसा दोष नसतो. मॅस्टोडॉन चढवलेले मोठे फोटो लहान करूनच ठेवतो. जागा खातात ते बाहेरच्यांचे फोटो आणि व्हिडिओ. तुमच्याकडची माणसं ज्यांना फॉलो करतात, त्यांच्या प्रत्येक चित्राची एक प्रत तुमच्या डिस्कवर येऊन बसते. मॅस्टोडॉनची स्वतःची 'टूटसीटीएल मीडिया युसेज' ही आज्ञा दिली की हिशोब समोर येतो. 'टूटसीटीएल मीडिया रिमूव्ह' या आज्ञेने सात दिवसांपेक्षा जुन्या बाहेरच्या प्रती जातात, तुमच्या लोकांचे स्वतःचे फोटो शाबूत राहतात, आणि कुणी जुनी पोस्ट उघडलीच तर चित्र मूळ सर्व्हरवरून पुन्हा आणता येतं. हेच काम आपोआप व्हावं म्हणून प्रशासनाच्या सेटिंगमध्ये मीडिया किती दिवस ठेवायचा ती चौकट आहे, तिथे ७ लिहून टाका.

त्याच पानावर बाहेरच्या पोस्ट किती दिवस ठेवायच्या अशीही चौकट आहे. ती रिकामी राहू द्या. तिथे आकडा घातला की बाहेरच्या जुन्या पोस्ट कायमच्या जातात आणि तुमच्या लोकांनी जपून ठेवलेल्या खुणाही (बुकमार्क) त्यांच्याबरोबर जातात.

आणि जागा करायच्या घाईत पोस्टग्रेसच्या फोल्डरमधलं 'पीजी वॉल' उडवू नका. नावावरून ते लॉगसारखं वाटतं. ते डेटाबेसचं अंग आहे, ते गेलं की डेटाबेस उठत नाही. आधी जुने सिस्टम लॉग आणि न वापरलेल्या डॉकर इमेज काढा, तेवढ्याने श्वास घ्यायला जागा होते.

घड्याळ

घरच्या मशीनवर सर्व्हर ठेवणाऱ्यांसाठी हे खास. वळवात लाईट गेली, आली, यूपीएस आधीच मान टाकून बसलेला. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या चौथ्या पिढीपर्यंत बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही, पाचवीत ते आहे पण बॅटरी वेगळी लावावी लागते. मशीन उठतं ते जुन्या वेळेवर, आणि राउटर उठायला उशीर लागला तर काही वेळ तसंच चालतं. प्रत्येक सहीत तारीख-वेळ असते. काही मिनिटांचा फरक समोरचे चालवून घेतात, फार वाढला की ४०१.

'टाइमडेटसीटीएल' द्या, घड्याळ नेटवर्कशी जुळल्याचं त्यात लिहिलेलं असतं. जुळलं नसेल तर वेळ जुळवणारी सेवा चालू करा. हाताने वेळ घालू नका. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर असतं, माणूस मोबाइल बघून आपली वेळ टाकतो आणि मशीन साडेपाच तास पुढे जातं. मग तुमच्या सगळ्या सह्या भविष्यातल्या.

सर्टिफिकेट

बिघाड दर तीन महिन्यांनी येत असेल तर इथेच थांबा. सर्टिफिकेट म्हणजे तुमचं डोमेन खरंच तुमचं असल्याचा दाखला. फुकट दाखले देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. पूर्वी मुदत संपत आली की त्यांचा मेल यायचा, तो जून २०२५ पासून बंद झाला. त्यामुळे मेलच्या भरवशावर बसलेले बरेचजण तेव्हापासून अडकू लागलेत.

'सर्टबॉट रिन्यू --ड्राय-रन' चालवून बघा, यात खरं सर्टिफिकेट न घेता नुसती चाचणी होते. अडलं तर बहुधा पोर्ट ८० बंद आहे, कुणीतरी 'आपण फक्त ४४३ वापरतो' म्हणून फायरवॉलमध्ये लावून टाकलेलं असतं. नूतनीकरण झालंय पण एनजिनएक्स (बाहेरच्या विनंत्या आधी झेलणारा वेब सर्व्हर) रीलोड केलेला नाही, हेही नेहमीचंच. नवीन सर्टिफिकेट डिस्कवर आणि जुनं लोकांना.

अजून एक प्रकार फसवा आहे. ब्राउझरमध्ये कुलूप छान दिसतं, पण बाकीचे सर्व्हर सर्टिफिकेट नाकारतात. एनजिनएक्सच्या फाइलीत 'फुलचेन'ऐवजी नुसतं 'सर्ट' दिलेलं असतं. मधला दुवा नसला तरी बरेच ब्राउझर तो स्वतः शोधून आणतात, सर्व्हर आणत नाहीत. म्हणून ब्राउझरची साक्ष इथे धरू नका.

वाट: डोमेन, वेबफिंगर, राउटर

इथून पुढे हात जपून.

फॉलो करताना समोरचा सर्व्हर आधी तुमच्या डोमेनवर 'वेल-नोन' खालचा वेबफिंगरचा पत्ता विचारतो. अमुक नावाचं खातं नेमकं कुठे आहे, याचं उत्तर तिथे मिळतं. मंडळाची वेबसाइट मुख्य डोमेनवर आणि मॅस्टोडॉन उपडोमेनवर असेल, तर मुख्य साइटवरून हा पत्ता पुढे वळवलेला असतो. मंडळ वेबसाइट नव्याने करून घेतं, करणाऱ्याला हे ठाऊक नसतं, वळण पुसलं जातं. मग जुने फॉलोअर ठीक चालतात आणि नवीन कुणाला फॉलो करता येत नाही. असं अर्धवट लक्षण दिसलं की आधी विचारायचं, "वेबसाइटला कुणी हात लावला का?"

सीडीएन (तुमच्या सर्व्हरपुढे उभी राहून पानं पोचवणारी सेवा) वापरत असाल आणि कुणी तिथे बॉट अडवायचं बटण चालू केलं असेल, तर बाकीचे सर्व्हर तुमच्या दारातून ४०३ (प्रवेश नाही) घेऊन परत जातात. सर्व्हर म्हणजे बॉटच की. इनबॉक्स आणि वेबफिंगरच्या पत्त्यांना त्यातून सूट द्या.

डीएनएसमध्ये (डोमेनचा पत्ता सांगणाऱ्या नोंदींत) जुना आयपीव्ही६ पत्ता राहून गेला असेल तर काही सर्व्हरना तुम्ही सापडता, काहींना नाही. वापरत नसाल तर ती नोंद काढा.

घरच्या ब्रॉडबँडवर असाल तर राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांतल्या आकड्यांनी सुरू होत असेल तर कंपनीने अनेक गिऱ्हाइकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलंय, आणि पोर्ट फॉरवर्डिंग कितीही केलंत तरी बाहेरचा आत येणार नाही. स्थिर आयपी मागा, टनेल लावा किंवा सरळ व्हीपीएसवर जा. माझं मत विचाराल तर तिसरं.

इथे थांबा, माणूस बोलवा

पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये 'पॅनिक', 'ब्लॉक वाचता येत नाही', 'इंडेक्स खराब' असं काही दिसलं की सगळ्या सर्व्हिस बंद करा, डिस्कची जशीच्या तशी प्रत काढा आणि पोस्टग्रेस जाणणारा माणूस गाठा. ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती बदलल्यावर एकाच खात्याच्या दोन नोंदी दिसू लागल्या तरी हेच. शब्दांचा क्रम लावायचे नियम सिस्टिमबरोबर बदलले की जुने इंडेक्स चुकू लागतात. ते दुरुस्त करायची आज्ञा मॅस्टोडॉनमध्ये आहे, पण बॅकअपशिवाय चालवायची ती गोष्ट नव्हे.

आपल्या नसलेल्या आयपीवरून लॉगिन, अनोळखी मालक खातं, तुमच्या सर्व्हरवरून भलत्याच ठिकाणी ट्रॅफिक, असं काही असेल तरी हात काढा. लॅपटॉप दुरुस्त करणारा ओळखीचा पोरगा इथे चालत नाही, लिनक्स सर्व्हर रोज सांभाळणारा हवा.

दोन गोष्टी तर कुणीही सांगितल्या तरी करू नका. 'लोकल डोमेन' ही सेटिंग बदलू नका, प्रत्येक खात्याची ओळख त्यालाच बांधलेली आहे. आणि 'सगळं पुसून नव्याने टाकू' हे त्याच डोमेनवर करू नका. खात्यांच्या किल्ल्या डेटाबेसमध्ये असतात. नव्या डेटाबेसात नव्या किल्ल्या तयार होतात, आणि बाकीच्या सर्व्हरना तुमच्या जुन्या आठवत असतात. मग जे चालत होतं तेही जातं. डेटाबेसचा रोजचा बॅकअप आणि 'डॉट ईएनव्ही डॉट प्रॉडक्शन' या सेटिंगच्या फाइलीची प्रत दुसऱ्या मशीनवर असेल, तर येणाऱ्या माणसाचं काम निम्मं होतं आणि बिलही.

चालू झाल्यावर

रांग वाहू लागली की साचलेल्या पोस्ट निघतात, पण समोर त्या नेहमीसारख्या दिसतीलच असं नाही. मॅस्टोडॉन सहा तासांपेक्षा जुनी पोस्ट आल्यावर ती होम फीडमध्ये घालत नाही, ती फक्त प्रोफाइलवर दिसते. लक्षणांतलं तिसरं लक्षण यातूनच येतं. सहा तासांच्या आतली असेल तर उशिरा का होईना पोचते, आणि यात एक धोका आहे. जुलै-ऑगस्टात सांगलीत सगळ्यांचे डोळे आयर्विन पुलाच्या पाणीपातळीकडे आणि कोयनेच्या विसर्गाकडे असतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. चार तास अडकलेली '३८ फूट' अशी पोस्ट कुणाच्या फोनवर आत्ता वाजली, तर तो निवांत झोपेल. तुमच्या सर्व्हरवरून कुणी अशी माहिती टाकत असेल तर मोजल्याची वेळ मजकुरातच लिहायला सांगा, आणि स्थलांतराचा निर्णय प्रशासनाच्या सूचनेवरच घ्यायचा हेही सांगा.

बिघाड लांबला असेल तर आणखी एक काम उरतं. सात वेगवेगळ्या दिवशी तुमच्याकडे डिलिव्हरी फसली की समोरचा मॅस्टोडॉन तुम्हाला बंद समजून पाठवणं थांबवतो. तुमच्याकडून त्याच्या इनबॉक्सला सही केलेलं काही नीट पोचलं की ती खूण पुसली जाते. म्हणून दुरुस्तीनंतर जास्त फॉलोअर असलेल्या खात्यांवरून एक-एक सार्वजनिक पोस्ट टाकायला लावा. जिथे तुमचे फॉलोअरच नाहीत पण तुमची माणसं तिथल्यांना फॉलो करतात, त्या सर्व्हरवरच्या कुणाला तरी उत्तर द्या किंवा तिथल्या अ‍ॅडमिनला डिलिव्हरी पुन्हा सुरू करायला सांगा, त्याच्या प्रशासन पानावर तसं बटण आहे. मधल्या काळातल्या त्यांच्या पोस्ट आपोआप येणार नाहीत. हवी असेल ती पोस्ट पत्ता चिकटवून ओढून आणायची.